टूलबॉक्स कुठं आहे? अँड्रॉइड स्टुडिओचा लेआउट एडिटर दोन वर्षं वापरून

मी बीसीए केलं तेव्हा आम्हाला व्हिज्युअल बेसिक ६ होतं. उघडलं की डावीकडे टूलबॉक्स, मधे कोरा फॉर्म, उजवीकडे प्रॉपर्टीज. बटण उचलायचं, फॉर्मवर ठेवायचं, डबल क्लिक करून कोड लिहायचा. स्क्रीन कशी रचतात हे डोक्यात तेव्हा जे बसलं ते बसलंच. दोन वर्षांपूर्वी गावच्या दूध संस्थेसाठी मोबाइल ॲप करायला घेतलं, अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे अँड्रॉइड मोबाइलची ॲप बनवायचं साधन, पहिल्यांदा उघडला आणि सवयीनं डावीकडे बघितलं. तिथं फोल्डरांची यादी होती. सगळे मेनू पालथे घातले. व्ह्यू मेनूत टूल विंडोज म्हणून लांबलचक यादी आहे, तीही एकेक करून उघडून पाहिली. टूलबॉक्स काही सापडेना. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

आता तेच साधन रोज हाताखाली आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण क्लासला येणारी मुलं अजून त्याच जागी अडकतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ॲप कशाचं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमची संस्था लहान आहे. संकलन सकाळ-संध्याकाळ. सभासद किटली घेऊन येतो, दूध मोजलं जातं, नमुना मशिनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निघतं, त्यावरून दरपत्रकातला दर लागतो आणि पावती हातात पडते. पावती खिशात भिजते, धुण्यात जाते. दहा दिवसांचं बिल निघालं की मग वाद: अमुक सकाळी म्हशीला सहा पाच लागलं होतं, तुम्ही सहा दोन कसं धरलं? सभासदाला आपली रोजची नोंद आपल्या मोबाइलवर बघता यावी, एवढंच ॲप हवं होतं. तीन स्क्रीन, त्याही मराठीत. माझे सासरे संस्थेचे जुने सभासद, त्यामुळे पहिलं गिऱ्हाईक घरातच होतं.

टूलबॉक्सचं म्हणाल तर स्टुडिओत त्याला पॅलेट म्हणतात, आणि ती कुठल्याही मेनूत नाही. ती फाइलला बांधलेली असते. स्क्रीनचा आराखडा ज्या एक्सएमएल फाइलमध्ये असतो ती फाइल उघडली तरच पॅलेट येते. डावीकडच्या यादीत ॲप, त्याखाली रेस, त्याखाली लेआउट हा फोल्डर. त्यातली ॲक्टिव्हिटी मेन डॉट एक्सएमएल डबल क्लिक करून उघडायची. मग वर उजव्या कोपऱ्यात तीन छोटी बटणं दिसतात: कोड, स्प्लिट आणि डिझाइन. डिझाइन दाबलं की डावीकडे पॅलेट, तिच्याखाली कंपोनंट ट्री म्हणजे स्क्रीनवरच्या वस्तूंची यादी, मधे स्क्रीनचं चित्र, उजवीकडे ॲट्रिब्यूट्स म्हणजे निवडलेल्या वस्तूचे गुणधर्म. माझा व्हीबीचा जुना फॉर्मच जणू समोर आला. कीबोर्डवरून जायचं तर विंडोजवर ऑल्ट आणि शिफ्ट धरून डावा-उजवा बाण.

ही तीन बटणं नेमकी शोधावी लागतात त्याला कारण आहे. २०२० च्या फेब्रुवारीत ३.६ आवृत्ती आली तोवर तिथं खाली डाव्या बाजूला डिझाइन आणि टेक्स्ट असे दोन टॅब होते. यूट्यूबवरचे शिकवणीचे व्हिडिओ अजून त्याच काळातले सापडतात. शिकवणारा म्हणतो, "खाली डिझाइनवर क्लिक करा," आणि मुलं खाली शोधत बसतात. व्हिडिओची तारीख आधी बघा, असं मी आता पहिल्याच दिवशी सांगते.

मात्र माझी ती संध्याकाळ वेगळ्याच कारणानं गेली. माझ्याकडे लेआउट नावाचा फोल्डरच नव्हता.

नवा प्रोजेक्ट सुरू करताना साच्यांची चित्रं समोर येतात. त्यात एम्प्टी ॲक्टिव्हिटी असा एक साचा आहे. नावावरून कोणालाही तोच कोरा फॉर्म वाटेल; मीही तोच निवडला. पण २०२३ पासून हा साचा जेटपॅक कंपोजचा आहे. कंपोजमध्ये स्क्रीन कोटलिन भाषेत लिहितात, एक्सएमएल फाइल नसतेच. ती नाही म्हणून पॅलेट नाही, आणि उचलून ठेवायलाही काही नाही. पॅलेट हवी असेल तर साचा निवडायचा एम्प्टी व्ह्यूज ॲक्टिव्हिटी. एका ‘व्ह्यूज’ शब्दाचा फरक. नवख्या माणसाला या दोन नावांतून काहीही उमगत नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण साधनातली सगळ्यांत मोठी उणीव हीच. चित्राखाली एक ओळ असती, की इथं स्क्रीन कोडमध्ये लिहायची आणि तिथं हातानं मांडायची, तर कितीतरी जणांची पहिली संध्याकाळ वाचली असती.

माझ्या पुतण्याचंही तेच झालं. डिप्लोमाला आहे तो. रात्री साडेदहाला फोन: "काकू, माझ्याकडं पॅलेटच नाही. परत इन्स्टॉल करू का?" मी म्हटलं, "थांब, काही करू नकोस. मेन ॲक्टिव्हिटी उघड आणि सेट कंटेंटच्या ओळीत काय लिहिलंय ते वाच." सेट कंटेंटला जोडून व्ह्यू हा शब्द आला आणि पुढे आर डॉट लेआउट असेल तर एक्सएमएल आहे, नुसतं सेट कंटेंट आणि महिरपी कंस असेल तर कंपोज. त्याच्याकडे महिरपी कंस होता. नवा प्रोजेक्ट केला आणि पाच मिनिटांत पॅलेट आली. इतके जीबी पुन्हा उतरवायची पाळी टळली.

फाइल आहे, डिझाइनही दाबलंय, तरी पॅलेट दिसत नाही, असंही होतं. त्याची दोन कारणं मी पाहिली आहेत. एक, ग्रेडल सिंक, म्हणजे प्रोजेक्टची जुळवाजुळव, व्हायचं राहिलेलं असतं. तोवर डिझाइनच्या जागी नुसता संदेश दिसतो. पहिल्या वेळी सगळ्या लायब्ररी नेटवरून उतरतात. गावाकडच्या नेटवर त्याला वेळ लागतो, तो लागू द्यावा. दुसरं, पॅलेटच्या डोक्यावरची छोटी आडवी रेघ चुकून दाबली गेलेली असते. मग ती कडेला चिकटते आणि तिचं नाव उभ्या अक्षरांत तेवढं दिसतं. त्यावर क्लिक केलं की परत येते.

पॅलेटमध्ये वस्तू गटवार लावलेल्या आहेत: कॉमन, टेक्स्ट, बटन्स, विजेट्स, लेआउट्स, कंटेनर्स आणि आणखी काही. शेवटी लेगसी नावाचा गट आहे, म्हणजे जुन्या जमान्यातलं सामान. रिलेटिव्ह लेआउट, ग्रिड लेआउट, लिस्ट व्ह्यू यांची आता तिथं रवानगी झाली आहे. जुन्या नोट्स घेऊन बसणाऱ्या मुलांना ती तिथंच सापडतील. गट धुंडाळायचा कंटाळा असेल तर भिंगाचं चिन्ह दाबून नाव टाइप करावं. मी तेच करते.

आता मांडणीकडे येते, कारण सुरुवातीला मला खरा फटका तिथं बसला.

पहिली स्क्रीन मी अगदी व्हीबीसारखी केली. सभासद क्रमांक, तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम अशी सात लेबलं उचलून जिथं हवी तिथं ठेवली. चित्रात सुरेख रांगेत दिसत होती. केबलनं सासऱ्यांचा मोबाइल जोडला, ॲप चालवलं, तर सातही लेबलं वरच्या डाव्या कोपऱ्यात एकावर एक. अक्षरांचा नुसता गोळा. मामा चष्मा वरखाली करत म्हणाले, "अगं, ह्यात माझं दूध कुठलं?"

झालं होतं असं. २०१६ च्या २.२ आवृत्तीसोबत स्टुडिओत कन्स्ट्रेंट लेआउट आला आणि आता व्ह्यूजचा नवा साचा त्यावरच उभा असतो. त्यात वस्तूला स्वतःची जागा नसते, नाती असतात: ही कोणाच्या खाली, कोणाच्या उजवीकडे, कडेपासून किती अंतरावर. ती तुम्ही बांधली नाहीत तर चित्रात दिसणारी जागा फक्त एडिटरच्या सोयीची. ॲप चालू झालं की वस्तू शून्य-शून्यवर, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यात जाते. मोबाइल शेकडो आकारांचे, त्यामुळे ‘अमुक पिक्सेलवर ठेव’ हे इथं चालणारच नाही, हे नंतर पटलं. आणि एडिटरनं मला सांगितलंही होतं. कंपोनंट ट्रीमध्ये सातही नावांपुढे लाल खूण होती आणि तिच्यावर क्लिक केलं असतं तर हेच वाक्य वाचायला मिळालं असतं. तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे: मोबाइलवर चालवण्याआधी कंपोनंट ट्री वरून खाली वाचायची. एकही लाल खूण राहता कामा नये.

नातं बांधायला वस्तूच्या चार बाजूंना चार गोल ठिपके असतात. ठिपका ओढायचा आणि कडेला किंवा शेजारच्या वस्तूला नेऊन लावायचा. जादूच्या कांडीचं चिन्हही आहे, ते दाबलं की एडिटर स्वतःच अंदाजानं सगळी नाती जोडतो. दोन-तीन वस्तू असतील तर ठीक. सात लेबलांना तिनं जी गुंतवळ केली ती सोडवण्यापेक्षा मी पुसून हातानं बांधली. कांडी वापरू नका असंच मी सांगेन. आणि गर्दी असेल तेव्हा बी हे अक्षर दाबून ब्लूप्रिंटमध्ये जावं. रंग, अक्षरं सगळं बाजूला होतं, नुसत्या चौकटी आणि दोऱ्या उरतात. कुठला दोरा सुटलाय ते लगेच दिसतं.

तरी खरं सांगायचं तर मी आता डिझाइनमध्ये कमी आणि स्प्लिटमध्ये जास्त असते. एका अंगाला एक्सएमएल, दुसऱ्या अंगाला चित्र. उचलून ठेवण्यापेक्षा ओळ लिहिणं पटकन होतं, आणि लिहिता लिहिता शेजारी बदल दिसतो. पॅलेटनं मला वस्तूंची नावं शिकवली. नावं पाठ झाल्यावर हात आपोआप कोडकडे वळला. मुलांचंही साधारण असंच होतं.

आता ज्या सोयीसाठी मी हे साधन सोडणार नाही ती सांगते. चित्राच्या वरच्या पट्टीत भाषेची यादी आहे. तिथून स्क्रीन मराठीत बघता येते, ॲप न चालवता, मोबाइलची भाषा न बदलता. पण ही यादी सुरुवातीला रिकामीच वाटते, कारण ज्या भाषांचे शब्द तुम्ही प्रोजेक्टमध्ये भरलेत तेवढ्याच भाषा तिथं येतात. त्यासाठी स्ट्रिंग्ज डॉट एक्सएमएलवर उजवं क्लिक करून ट्रान्सलेशन्स एडिटर उघडायचा, पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह दाबून मराठी निवडायची, की व्हॅल्यूज-एमआर असा फोल्डर तयार होतो आणि तक्त्यात मराठीचा रकाना येतो. भाषांतर राहिलेल्या ओळींची नावं लाल दिसतात. अट एकच: शब्द थेट लेआउटमध्ये लिहायचे नाहीत, सगळे या फाइलमध्ये ठेवायचे.

मी मराठी निवडली आणि ‘फॅट’चं ‘फट’ झालं.

आधी वाटलं तक्त्यात चुकलं. तिथं तर नीट होतं. चित्र मोठं करून पाहिलं तेव्हा कळलं की फवरचा चंद्र अर्ध्यात कापला गेलाय. ‘म्हैस’च्या दोन मात्रांची टोकं उडाली होती आणि ‘दूध’, ‘एकूण’ यांचे दीर्घ उकार खालून छाटलेले. इंग्रजीत ही स्क्रीन बिनचूक होती. लेबलची उंची मी २० डीपी अशी ठोकून बसवली होती, अक्षर १८ एसपी (डीपी, एसपी ही स्क्रीनवरची मापं), आणि इंग्रजी लेबलं घट्ट बसावीत म्हणून कुठूनशी उचललेली एक ओळ घातली होती: इन्क्लूड फॉन्ट पॅडिंग फॉल्स. ही ओळ अक्षराच्या वरखालची राखीव जागा काढून टाकते. रोमन अक्षरांचं त्यावाचून अडत नाही. आपल्याकडे मात्र शिरोरेषेच्या वरही अर्थ असतो आणि पायाखालीही. ओळ काढली, उंची रॅप कंटेंट केली, म्हणजे मजकुराला लागेल तेवढी, आणि चंद्र परत आला.

हे मोबाइलवर गेल्यावर कळलं असतं तर ‘फट ६.५’ वाचून संस्थेत काय झालं असतं, सांगायला नको. मराठी ॲप करणाऱ्या प्रत्येकानं ही यादी पहिल्या दिवशी मराठीवर लावून ठेवावी. इंग्रजीत स्क्रीन पुरी करून शेवटी भाषांतर ओतणं, ही पद्धत आपल्या लिपीला मानवत नाही. शब्दांची लांबीही बदलते. ‘बफेलो’पेक्षा ‘म्हैस’ आखूड, पण ‘पेमेंट’च्या बटणावर ‘दहा दिवसांचे बिल’ लिहिलं की बटण दोन ओळींचं होतं. मला ते आधी दिसलं म्हणून मी बटण पूर्ण रुंदीचं केलं.

याच्याच जोडीला लेआउट व्हॅलिडेशन आहे. एकच स्क्रीन वेगवेगळ्या मोबाइलांवर, टॅबलेटवर आणि अक्षर लहान-मोठं केल्यावर कशी दिसेल, ते सगळं शेजारी शेजारी. आमच्या सभासदांत साठीच्या पुढचे बरेच आहेत आणि त्यांच्या मोबाइलची अक्षरं मुलांनी किंवा नातवंडांनी मोठी करून दिलेली असतात. मोठ्या अक्षरांत ‘रक्कम’ रकान्याबाहेर जात होती. रक्कमच दिसली नाही तर सभासदाला या ॲपचा उपयोग काय? मी दर आणि रक्कम एका ओळीत होते ते दोन ओळींत घेतले.

टूल्स नावाच्या ॲट्रिब्यूट्सचाही उल्लेख हवा. ॲट्रिब्यूट्सच्या यादीत त्यांच्यापुढे पान्याचं चिन्ह असतं. त्यात लिहिलेलं फक्त एडिटरला दिसतं, ॲपमध्ये जात नाही. नोंदींच्या यादीची स्क्रीन एरवी कोरी दिसते, कारण माहिती चालू ॲपमध्ये येते. टूल्समधून मी एका नोंदीचा नमुना दिला: सकाळ, म्हैस, ४.२ लिटर, फॅट ६.५, एसएनएफ ९.०. मग चित्रात खरीखुरी यादी उभी राहते. हीच यादी मी संस्थेच्या सचिवांना दाखवली आणि रकान्यांचा क्रम तिथंच पक्का झाला. पावतीवर लिटर आधी असतं, तेच इथं ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते बरोबरच होतं.

मशिनचं बोलायचं तर माझा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. स्टुडिओला निदान तेवढी लागतेच. सोबत एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर चालणारा नकली मोबाइल, चालवायचा तर १६ जीबी सांगतात. माझ्याकडे एम्युलेटर लावला की माऊससुद्धा अडखळतो. लेआउट एडिटरचं मोल अशा वेळी कळतं, कारण त्यातलं चित्र काढायला एम्युलेटर लागत नाही. स्टुडिओ ते आपल्याच पोटात रेखाटतो. नऊ दशांश काम चित्रावर आणि शेवटची तपासणी केबल लावून खऱ्या मोबाइलवर, अशी माझी वाटणी आहे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यातून यूएसबी डीबगिंग चालू करायचं. साधन विनामूल्य आहे, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही. डिस्कवर मात्र एसडीकेसह (ॲप बनवायला लागणाऱ्या सोबतच्या फाइलींसह) भरपूर जागा मोकळी ठेवा. मी याला पाचपैकी चार देते. एक काढते तो त्या साच्यांच्या नावांसाठी.

राहिलं कंपोज. पुतण्या मला सतत विचारतो की आता सगळे कंपोजमध्ये करतायत, तू पॅलेटच धरून का बसलीस? त्याचं चूक नाही. २०२१ च्या जुलैत कंपोजची पहिली पक्की आवृत्ती आली आणि नवीन काम आता बहुतेक त्यातच होतं. त्यातही चित्र दिसतं. फंक्शनच्या डोक्यावर प्रिव्ह्यू ही खूण लिहायची आणि स्प्लिट दाबायचं. पण तिथं काय काय ठेवता येतं हे तुम्हाला आधी माहीत असावं लागतं. ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यापुढे पॅलेट सगळं सामान मांडून ठेवते, आणि शिकणाऱ्याला आधी सामान दिसावं असं मला वाटतं. नोकरीसाठी शिकणाऱ्यानं मात्र दोन-तीन एक्सएमएल स्क्रीन करून पुढे कंपोजला जावं.

दिवाळीच्या आधी संस्था दूध फरकाची रक्कम, म्हणजे वर्षभराच्या दुधावरचे वाढीव पैसे, देते. त्याची चौथी स्क्रीन सभासदांनी मागितली आहे, ती पुतण्या कंपोजमध्ये करतोय. प्रिव्ह्यूच्या कंसात लोकेल म्हणून एमआर आणि फॉन्ट स्केल १.३ लिहायला मी त्याला सांगितलं. काल त्यानं चित्र पाठवलं. ‘वर्षाचे एकूण दूध’ या ओळीतले उकार पूर्ण होते, आणि वर्षातला रफारही.